गुंड्या शुद्ध शाकाहारी होता

स्वाभिमानाचा खरा प्रश्न माणसापुढे आयुष्यात एकदाच येतो, आणि त्या क्षणी जो ताठ उभा राहतो त्याला पुढे कुणी वाकवू शकत नाही. माझ्यापुढे तो एका पॉमेरेनियन कुत्र्याच्या शेपटीखालून आला.

"उपासनी वहिनी, तुम्ही जरा पुढे येऊन बसा," खांबेटे काका म्हणाले.

"मला इथून ऐकू येतंय, काका."

"ऐकू यायचा प्रश्न नाही. तुम्ही सगळ्यांना दिसायला हव्यात."

रविवारची सकाळ होती. नाशकातल्या आमच्या सुविचार सोसायटीच्या पार्किंगमधून स्कूटर बाहेर काढून तिथे सतरंज्या अंथरल्या होत्या. ज्यांचे गुडघे दुखत त्यांना खुर्च्या होत्या, बाकीच्यांना सतरंजी. शिरीष आणि मी भाडेकरू, त्यामुळे आमचे गुडघे दुखत असते तरी सतरंजीच. मी उठले आणि सगळ्यांना दिसेन अशी पुढे जाऊन बसले. शिरीष माझ्यामागे आला, पण अर्धा माझ्या आड राहील अशा बेताने बसला.

खांबेटे काका पाटबंधारे खात्यातून निवृत्त झाले होते आणि त्या दिवसापासून सोसायटीचे अध्यक्ष होते. फाटकाजवळच्या फळ्यावर ते रोज सकाळी स्वतः रचलेला सुविचार लिहीत. त्या दिवशीचा होता, ‘शुद्ध हवा हा प्रत्येक सभासदाचा हक्क आहे.’ भाडेकरूंच्या हवेबद्दल फळा काही म्हणत नव्हता. काकांच्या मांडीवर त्यांचा कुत्रा गुंड्या होता. पांढराशुभ्र, फुगीर, शिकेकाईने धुतलेला. काका त्याच्या पाठीवरून हात फिरवत बोलत होते.

"विषय एकच आहे. आपल्या जिन्यात, लिफ्टपाशी आणि माझ्या स्वतःच्या दिवाणखान्यात मासळीचा वास येतोय. ही इमारत उभी राहिल्यापासून इथे असा वास आला नव्हता. उपासनी राहायला आले आणि वास आला."

"आम्हाला येऊन वर्ष झालं," शिरीष माझ्या खांद्यामागून म्हणाला. "वास महिनाभरातला आहे."

"म्हणजे आधी घाबरत होतात," सेक्रेटरी रत्नपारखी म्हणाले. "आता भीड चेपली."

इथे थोडं मागचं सांगायला हवं. ते घर आम्हाला शिरीषच्या आडनावावर मिळालं होतं. त्याआधी जिथे जिथे गेलो तिथे घरातल्या बाईने चहा देता देता मला माहेर विचारलं होतं, आणि वेंगुर्लं म्हटल्यावर त्यांच्या पुतण्याला अचानक ते घर हवं झालं होतं. हे घरमालक दुबईला असत. त्यांनी फोनवर ‘उपासनी’ एवढंच ऐकलं आणि पुढे काही विचारलं नाही. माझा भाऊ मे महिन्यात आंब्याच्या पेट्या घेऊन आला, त्याने खाली वॉचमनला ‘केळुसकर’ असं नाव सांगितलं आणि संध्याकाळपर्यंत सोसायटीला माझा सगळा वंश कळला. पण तोवर करार झाला होता. करारात अट होती की घरात मांसमच्छी शिजवायची नाही.

मी ती अट पाळत होते. दर रविवारी आम्ही गावाबाहेरच्या एका मालवणी खानावळीत जाऊन जेवत असू आणि परतताना बडीशेप चावत असू. एखाद्याचं बाहेर लफडं असावं तसं आमचं सुरमईशी चाललं होतं.

"काका," मी म्हटलं, "वास येतोय हे मला मान्य आहे. मलाही येतो. पण कुठल्या मासळीचा?"

"म्हणजे काय?"

"बांगड्याचा, सुक्या बोंबलाचा, कोळंबीचा, की कालवांचा?"

असे प्रकार असतात हीच बऱ्याच जणांना बातमी होती.

"मासा म्हणजे मासा," रत्नपारखी म्हणाले.

"तुम्ही कधी वास घेतलाय?"

"देवाच्या कृपेने नाही."

"मग ओळखलात कसा?"

"घाण वास आला की कळतं."

"ताज्या मासळीला घाण वास नसतो, भावजी. शिळीला येतो, पण तो निराळा. हा गंज चढलेल्या लोखंडावर काहीतरी सडकं चोळावं तसा आहे. बंदरापासून दोन वळणांवर वाढलेय मी. असा मासा समुद्रात नाही."

"बघा, वासाची केवढी माहिती," मागून कुणीतरी बाई म्हणाली. "आणि म्हणे शिजवत नाही."

रत्नपारखींना यावर काहीतरी मुद्देसूद बोलायचं असावं. ते उठले. ते उठताच त्यांची लोखंडी घडीची खुर्ची आपोआप मिटली आणि धाडकन फरशीवर आपटली. गुंड्या दचकला. पुढच्याच श्वासाला तो वास आला. जिन्यात येई त्याच्या दसपट. बायकांनी पदर नाकाला लावले, पुरुषांनी रुमाल काढले, आणि मग सगळ्यांनी एकसाथ माझ्याकडे पाहिलं.

मी सतरंजीवर मांडी घालून बसले होते. माझ्याजवळ पर्स होती.

"पर्स उघडा," काका म्हणाले.

"काका, हे जरा..." शिरीषने सुरुवात केली.

"उघडते," मी म्हटलं.

मी कॉलेजात संख्याशास्त्र शिकवायची. पर्समधून खडू निघाले, कंगवा निघाला, पेपर तपासायची लाल पेनं आणि बिस्किटांचा अर्धा पुडा निघाला. रत्नपारखींनी एक खडू उचलून नाकाशी नेला, विचार केला आणि परत ठेवला.

तेवढ्यात गुंड्याने काकांच्या मांडीवरून खाली उडी मारली. तो सतरंजीवर ढुंगण टेकून बसला, मागचे दोन पाय पुढे घेतले आणि पुढच्या पायांनी स्वतःला ओढत, बूड घासत घासत सभेच्या या टोकापासून त्या टोकाकडे निघाला. पोरांनी टाळ्या वाजवल्या. त्या तसल्या वासातही काकांच्या चेहऱ्यावर कौतुक आलं.

"घसरगुंडी करतोय," ते म्हणाले. "मी शिकवलेली नाही हं. आपणहून शिकला. परवा जावई आले होते, त्यांनी पुन्हा पुन्हा करून घेतली."

"कधीपासून करतो, काका?"

"झाला असेल महिना. का?"

मला एकदम भागी आठवली. भागी ही वेंगुर्ल्याची आमची मांजर. ती एकदा अशीच पडवीभर बूड घासत फिरू लागली. बाबांना वाटलं जंत झाले. मग शेपटीखाली एका बाजूला सूज आली, तेव्हा गुरांच्या डॉक्टरांना बोलावलं. त्यांनी तिला टॉवेलात गुंडाळायला लावलं, शेपूट वर धरायला सांगितलं आणि दोन बोटांनी दाबलं. आमच्या घरात रोज मासळी यायची, पण त्या दिवशी घरातली सगळी माणसं अंगणात जाऊन बसली.

"काका," मी म्हटलं, "हा वास गुंड्याचा आहे."

काकांनी प्रत्येक शब्द सुटा करून सांगितलं, "गुंड्या शुद्ध शाकाहारी आहे."

"तो काय खातो याच्याशी..."

"त्याच्या पोटात आजवर अंडंसुद्धा गेलेलं नाही. दहीभात, तूपपोळी आणि चतुर्थीला साबुदाण्याची खिचडी. याच्यापलीकडे त्याला जगात काही असतं हे माहीत नाही."

"काका, कुत्र्यामांजरांना शेपटीखाली दोन्ही बाजूंना एकेक बारीक पिशवी असते. आतमध्ये. त्यांच्यात..."

"वहिनी, सभेत बायका-मुलं आहेत," रत्नपारखी म्हणाले.

"मीपण बाईच आहे. तर त्यांच्यात वासाचा रस असतो. एरवी तो थोडा थोडा बाहेर जातो. तो तुंबला की कुत्रं असं बूड घासतं, आणि दचकलं की एकदम सुटतो. तुम्ही पाटबंधारे खात्यात होतात, तुंबलेल्याचं पुढे काय होतं ते तुम्हाला मी काय सांगणार?"

मागे कुणीतरी हसलं आणि लगेच खोकलं. काकांचे कान लाल झाले. त्यांनी गुंड्याला उचलून छातीशी धरला.

"आपलं पाप मुक्या जनावरावर ढकलायचं," ते म्हणाले, "हे मी आज पहिल्यांदा पाहिलं. आता ऐका. महिनाअखेरीला घर रिकामं करायचं. नाहीतर इथे सगळ्यांसमोर म्हणायचं की चूक झाली, पुन्हा होणार नाही. विषय संपला. आम्ही निर्दय नाही."

शिरीषने माझी बाही ओढली. "म्हणून टाक," तो कानात म्हणाला. "दोन शब्द तर आहेत."

"कुठले?"

"चूक झाली."

"कुठली?"

त्याने विचार केला. "ते नाही विचारायचं."

मी उठून उभी राहिले. पाय झोपला होता, त्यामुळे फारशी ताठ नव्हते.

"मी मासे खाते," मी म्हटलं. "या घरात शिजवलेले नाहीत. शिजवले असते तर तुम्हाला भूक लागली असती, असा वास आला नसता. माफी मागणार नाही. आणि काका, त्याला डॉक्टरकडे न्या. गळू होईल."

"तुम्ही घर बघायला लागा," काका म्हणाले.

दुपारी दुबईहून घरमालकांचा फोन आला. "सोसायटी म्हणेल तसं करा," ते म्हणाले. "माझं वैयक्तिक काही नाही हो. मी इकडे सगळं खातो."

शिरीषने फोन ठेवला आणि दिवाणावर आडवा झाला. तो भांडायचा तेव्हा आडवा होऊनच भांडायचा.

"आता पुन्हा घरं शोधायची. पुन्हा तो चहा, पुन्हा ते माहेर. या वेळी मी सांगणार, तुझं माहेर पैठण."

"आणि माझा भाऊ?"

"तो आंबे पार्सलने पाठवेल."

"तुला त्या कुत्र्याबद्दल तरी पटतंय ना?"

"पटतंय गं. पण पटून काय करू? मी अध्यक्षांच्या कुत्र्याची शेपटी वर करून दाखवू?"

त्या आठवड्यात सोसायटीत आमच्याशी कुणी वाईट वागलं नाही. आम्ही जिन्यात दिसलो की लोक श्वास रोखून धरत, एवढंच. त्यामुळे बोलणं होत नसे. शिरीष ऑफिसातून येता येता घरं पाहून येई. कॉलेजच्या जवळपास एकही नव्हतं. दोन खोल्यांची एक जागा मिळण्यासारखी होती, पण त्या मालकांनी अंड्याबद्दलही आधीच विचारून ठेवलं होतं. "त्यांना काय सांगितलंस?" मी विचारलं. "विचार करून सांगतो म्हटलं," तो म्हणाला. "अंड्याचा विचार करतोय हे त्यांना आवडलं नाही."

मंगळवारी की बुधवारी भर दुपारी दार वाजलं. दारात खांबेटे काकू उभ्या होत्या. आमच्या खालच्याच मजल्यावर राहत, पण वर्षभरात त्या माझ्याशी हळदीकुंकवापुरत्याच बोललेल्या. हातात टॉवेलाचं गाठोडं होतं आणि त्यातून गुंड्याचं नाक बाहेर आलं होतं.

"खरंच दुखतं का गं त्याला?" त्यांनी विचारलं.

"आत या, काकू."

"आत नको. हे म्हणतात नाटकं करतो, लाडावलाय. पण तो सारखी शेपटी चावतोय, आणि आज तर बसतच नाही. उभ्याने पेंगतो बिचारा." त्यांनी टॉवेल बाजूला केला. शेपटीखाली डावीकडे लाल, ताणलेली सूज होती, सुपारीएवढी. गुंड्याने दात दाखवले, पण आवाज काढला नाही.

"काकांना सांगून आलात?"

"ते झोपलेत. चहाला उठतात. त्याच्या आत यायला हवं."

मी चपला घातल्या. फाटकाशी रिक्षा मिळाली. थोडं पुढे गेल्यावर रिक्षावाल्याने मान वळवली.

"ताई, मासळी बाजारातून आलात का? पिशवी गळू देऊ नका, सीटला वास राहतो."

"मासळी नाही," काकू म्हणाल्या. "कुत्रं आहे."

"ते दिसतंय हो. मासळी कुठाय?"

काकू टॉवेलाकडे बघत राहिल्या.

डॉक्टर धात्रकांनी गुंड्याला टेबलावर उभा केला, हातमोजे चढवले आणि मला त्याचं डोकं धरायला सांगितलं. "इकडे बघा," ते काकूंना म्हणाले. "हे भोक म्हणजे घड्याळ समजा. चार वाजता एक पिशवी, आठ वाजता एक. आठची तुंबून पिकायला आलीय. आणखी दोन दिवस गेले असते तर फुटली असती." त्यांनी कापूस लावला आणि दाबलं. गुंड्या एकदा ओरडला. कापसावर चॉकलेटी, दाट असं काहीतरी आलं, आणि तो वास खोलीत असा पसरला की कंपाउंडर न सांगता खिडकी उघडायला गेला.

काकूंनी पदर नाकाला लावला. मग हळूच काढला आणि मुद्दाम श्वास घेतला.

"हाच," त्या म्हणाल्या.

"काय, काकू?" डॉक्टरांनी विचारलं.

"आमच्या दिवाणखान्यात येतो तो. हाच." मग जरा थांबून त्यांनी विचारलं, "डॉक्टर, मासळीला असाच वास येतो का हो?"

"मी घरी रोज मासे खातो, काकू. असा वास आला असता तर कधीच सोडले असते. याला खायला काय घालता?"

"दहीभात."

"अजून?"

"ताकभात."

"तेच. पोट साफ होताना घट्ट काही गेलं तर या पिशव्या आपोआप दाबल्या जातात. तुमचा दहीभात त्यांना हात न लावता निघून जातो. मग साठतं. मांजरांनाही होतं, पण कमी. ती शहाणी असतात, दहीभात खात नाहीत."

परतताना गुंड्या काकूंच्या मांडीवर बसला. बसला आणि झोपला. काकूंनी माझ्याकडे पाहिलं नाही. सोसायटीच्या वळणावर त्या म्हणाल्या, "उद्या आमच्याकडे चैत्राचं हळदीकुंकू आहे. ये."

मी गेले. इमारतीतल्या सगळ्या बायका होत्या. गौरीपुढे कलिंगडाची नक्षी होती, पन्हं होतं. काकू प्रत्येकीच्या हातावर आंब्याची डाळ ठेवत आणि प्रत्येकीला त्याच आवाजात सांगत, "तो वास आमच्या गुंड्याच्या ढुंगणाचा होता बरं का. डॉक्टरांनी दाबून काढला. आमच्या वरच्या वृषालीला उगाच बोल लागला." पहिल्या दोघींनी डाळीची वाटी खाली ठेवली. काकूंनी ती उचलून परत त्यांच्या हातात दिली. काका आतल्या खोलीत होते आणि दार लोटलेलं होतं, पण फार जाड नव्हतं.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी काका स्वतः वर आले. हातात डाळीचा डबा होता. शिरीषने त्यांना खुर्ची दिली आणि स्वतः उभा राहिला. घरमालकांना त्यांनी आधीच फोन करून टाकला होता. आम्ही राहू शकत होतो.

"वहिनी," काका म्हणाले, "तुमच्याबद्दल थोडा गैरसमज झाला."

मी वाट पाहिली. माफी या शब्दाची सुरुवात ओठ मिटून करावी लागते, आणि त्यांचे ओठ मिटतही होते, पण पुढे निराळेच शब्द येत.

"खरं सांगू का, आम्हाला नवलच वाटत होतं. तुम्ही इतक्या स्वच्छ. घर कसं आरशासारखं. तुमच्याकडे बघून वाटतच नाही."

"काय वाटत नाही?"

"की तुम्ही तिकडच्या." त्यांनी हाताने पश्चिम दिशा दाखवली. "वर्षभर घरात त्याचं नाव काढलं नाहीत. माणसाने मनावर घेतलं की माणूस सुधारतो, याचं हे उदाहरण आहे. मी तर सगळ्यांना सांगणार आहे."

"काका, मी दर रविवारी बाहेर जाऊन खाते."

"ते सुटेल हळूहळू," काका प्रेमाने म्हणाले. "एकदम नसतं सुटत. माझी तपकीर तशीच सुटली."

ते गेल्यावर शिरीषने डब्याचं झाकण उघडलं आणि उभ्यानेच डाळ खायला लागला. त्याचा चेहरा परीक्षा पास झाल्यासारखा होता. "सुटलो," तो म्हणाला.

सकाळी कॉलेजला निघाले तर फाटकाजवळच्या फळ्यावर नवा सुविचार होता. ‘संयमाने स्वभावही बदलता येतो.’ आणि खाली, बारीक अक्षरात, ‘उदा. सौ. उपासनी.’ मी तिथे उभी असताना रत्नपारखी स्कूटरवरून गेले. जाता जाता त्यांनी मला मान लवून नमस्कार केला. वर्षभरात पहिल्यांदाच.

आरोप मी झेलला होता. तो खोटा होता, त्यामुळे अंगाला चिकटला नव्हता. हे कौतुक मात्र मी दिवसभर वर्गावर्गातून घेऊन हिंडले. माध्य आणि मध्यक शिकवताना खडू दोनदा तुटला.

रविवारी सकाळी मी शिरीषला म्हटलं, "सुरमई आण."

"जाऊ की दुपारी खानावळीत."

"खानावळीत नाही. इथे."

तो उठून बसला. "घरात?"

"घरात."

"अगं, करारात अट आहे."

"म्हणून तर."

"कालपरवा सुटलो आपण."

"आपण सुटलो ते खात नाही म्हणून. मला खाऊन राहायचंय. आणि राहू देत नसतील तर मी जे करते त्याच्यासाठी घर सोडायचंय. कुत्र्याच्या ढुंगणासाठी नाही, आणि त्या फळ्यासाठी तर नाहीच."

शिरीष आत गेला आणि दुधाची किटली घेऊन बाहेर आला. तासाभराने तो परत आला तेव्हा किटलीवर झाकण होतं, झाकणावर वर्तमानपत्र होतं, आणि जिन्यात भेटलेल्या तिघांना त्याने न विचारता दुधाचा भाव सांगितला होता.

मी तुकड्या धुतल्या. हळद, मीठ आणि कोकमाचं आगळ लावून ठेवल्या. आईने पाठवलेला लाल मसाला वर्षभर डब्यात वाट बघत होता, तो काढला. तव्यावर खोबरेल तेल सोडलं, रव्यात घोळवून पहिल्या दोन तुकड्या टाकल्या, आणि तेल चुरचुरलं तशी स्वयंपाकघराची खिडकी उघडली. मग बाल्कनीचं दार. मग घराचं दार सताड उघडलं आणि उंबऱ्याशी पायपुसणं अडकवून ठेवलं. शिरीषने शर्ट बदलला. घरी पाहुणे यायचे असले की तो शर्ट बदलतो.

माझं वाक्य तयार होतं. ‘होय, सुरमई आहे. मी तळलीय. आता काय करायचं ते करा.’ सकाळपासून मी ते इतक्यांदा म्हटलं होतं की शिरीषलाही पाठ झालं होतं.

दुसरा घाणा पडला आणि दारात रत्नपारखी उभे राहिले. नाकाला रुमाल.

"वहिनी," ते म्हणाले, "येतोय ना तुम्हालाही?"

"होय," मी झारा हातात घेऊनच पुढे झाले. "सुरमई आहे. मी तळलीय. आता..."

"गुंड्याचं परत सुरू झालं."

"गुंड्याचं नाही. माझं आहे. हे बघा." मी ताट आणून त्यांच्यापुढे धरलं. रव्यात घोळलेल्या लालसर तुकड्या होत्या, चांगल्या कुरकुरीत. रत्नपारखींनी रुमाल जरासा खाली केला.

"सुरणाचे काप का?" त्यांनी विचारलं आणि हात पुढे केला.

मी ताट मागे घेतलं. तेवढं मला करायचं नव्हतं. "खाऊ नका. मासे आहेत, भावजी. खरोखरचे मासे. वास त्यांचा आहे."

रत्नपारखी हसले. कुणी बाई खाऊ हातचा राखते तेव्हा माणूस समजुतीने हसतो, तसे.

"वहिनी, तुमचं मन फार मोठं. काकांची लाज राखायला बघताय. पण आता आम्हाला कळतो हो फरक. मासा असता तर समजलं असतं. तुम्हीच नाही का सांगितलंत सभेत, लोखंडासारखा वास म्हणून."

"याला लोखंडासारखा वास येतोय?"

त्यांनी डोळे मिटून लांब श्वास घेतला. "येतोय थोडा," ते म्हणाले.

"अहो, खरंच सुरमई आहे," शिरीष मागून म्हणाला. "मी आणलीय. किटलीतून." माझ्या नवऱ्याने त्या सोसायटीत मोठ्या आवाजात उच्चारलेलं ते पहिलं वाक्य.

"तुम्ही दोघंही ना," रत्नपारखी म्हणाले, आणि जिना उतरत खाली हाक मारली, "काका, त्यांच्या घरात तर फारच येतोय. बरोबर तुमच्या डोक्यावर. आता वेळ काढू नका."

खालून काकांचा आवाज आला. "कुंदा, टॉवेल दे."

मी बाल्कनीत गेले. काका गुंड्याला टॉवेलात गुंडाळून फाटकातून बाहेर पडत होते. काकू मागे होत्या. त्यांनी एकदा वर पाहिलं, नाक जरा वर केलं, पुन्हा पाहिलं, आणि काही न बोलता रिक्षात बसल्या. आमच्याकडे संध्याकाळपर्यंत कुणीही आलं नाही. सुरमई आम्ही दोघांनीच संपवली.

डॉक्टर धात्रकांनी गुंड्याला तपासलं. दोन्ही पिशव्या रिकाम्या होत्या. त्यांनी दहीभात कमी करून त्याला उकडलेला लाल भोपळा सुरू करायला सांगितलं.